संदर्भांचं फायनल एक्झिट

सौदी अरेबियात नोकरीला आलेल्या माणसाच्या आयुष्यात दोन अरबी शब्द फार महत्त्वाचे असतात. पहिला 'इकामा', म्हणजे इथे राहण्याचा परवाना. दुसरा 'खुरूज निहाई', ज्याला आपली मंडळी 'फायनल एक्झिट' म्हणतात. नोकरी संपली की इकामा संपतो आणि इकामा संपला की त्याला बांधलेल्या गोष्टी एकामागून एक बंद पडतात. बँकेचं खातं, मोबाइलचा नंबर, कंपनीचा ईमेल, कंपनीचा लॅपटॉप. घरातल्या सामानाची सोय लागते. फ्रिज कुणाला द्यायचा आणि कार्गोने काय पाठवायचं, हे महिनाभर आधीच ठरलेलं असतं. पण दहा वर्षं जमवलेले शोधनिबंध, त्यांच्या समासात केलेल्या खुणा आणि अर्धवट लिहिलेल्या प्रबंधातले संदर्भ बरोबर कसे न्यायचे, याचा विचार बहुधा शेवटच्या आठवड्यात होतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

असा प्रश्न पडणारी मराठी माणसं इथे कमी नाहीत. धहरानचं किंग फहद विद्यापीठ आणि जेद्दाच्या उत्तरेला थुवलचं किंग अब्दुल्ला विद्यापीठ, ज्याला सगळे 'कौस्ट' म्हणतात, ही तर उघड ठिकाणं. त्यांच्याबाहेर रुग्णालयांतले डॉक्टर, शाळांमधले शिक्षक, जुबैल आणि यान्बूच्या कारखान्यांतले इंजिनिअर आहेत. त्यांतले काही नोकरी सांभाळून पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पीएच.डी. करतात. कुणी इतिहासाच्या किंवा मराठी साहित्याच्या ओढीने वाचतात आणि एखाद्या दिवाळी अंकासाठी लिहितात. वाचन ऑफिसच्या लॅपटॉपवर सुरू होतं, बसमध्ये मोबाइलवर पुढे सरकतं आणि शुक्रवारी घरच्या टॅबवर किंवा जुन्या लॅपटॉपवर पूर्ण होतं. म्हणजे एक वाचक, तीन यंत्रं आणि त्यांतलं एक यंत्र दुसऱ्याच्या मालकीचं.

संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षणं इंग्रजीत भरपूर सापडतात. त्यांत बहुधा आत येण्याची सोय तपासलेली असते. एका क्लिकवर नोंद होते का, संदर्भसूची आपोआप तयार होते का, किती शैली मिळतात. आखातातल्या माणसासाठी ही कसोटी अपुरी आहे. ज्याला एक दिवस जायचंच आहे, त्याने प्रत्येक साधनाला आधी एकच प्रश्न विचारावा. मी निघालो तर माझं काय काय माझ्याबरोबर येईल? या एका कसोटीवर एंडनोट, मेंडेली आणि झोटेरो ही तीन प्रचलित साधनं तपासून पाहू.

त्याआधी 'माझं काय काय' म्हणजे नेमकं काय, ते वेगळं करून घ्यायला हवं. संदर्भसंग्रहात चार गोष्टी असतात. पहिली नोंद: लेखक, शीर्षक, वर्ष, नियतकालिक, पृष्ठं. दुसरी फाइल, म्हणजे पीडीएफ. तिसरी आपण केलेल्या खुणा: पिवळे पट्टे, समासातले शेरे, 'हे प्रकरण तीनमध्ये वापरायचं' अशी टिपणं. चौथी गोष्ट म्हणजे वर्डमधल्या आपल्या मजकुरात बसवलेले संदर्भ, जे मूळ नोंदीशी धाग्याने जोडलेले असतात आणि त्या धाग्यामुळे सूची आपोआप बदलते. नोंद हरवली तर पुन्हा करता येते. निबंधाला डीओआय असेल, तर त्या क्रमांकावरून ती मिनिटात परत मिळते. फाइलही बहुतेक वेळा पुन्हा मिळवता येते. खुणा मात्र जगात दुसरीकडे कुठेच नसतात. दहा वर्षांपूर्वी एखादं वाक्य आपल्याला का खटकलं होतं, हे फक्त तो समासातला शेरा सांगतो. म्हणून या चारांत खुणा सर्वांत मौल्यवान आहेत. आणि याच चारांत त्या सर्वांत आधी हरवतात.

जुन्या पद्धतीत हे चारही एका जागी असत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे १५०० ग्रंथांमधून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. एका चिठ्ठीवर शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि ग्रंथातला ठिकाणा. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि काम अजून चालू आहे. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कितीतरी हातांनी तो पहिला खंडही पाहिला नसेल, पण त्यांची चिठ्ठी आजचा संपादक खणातून काढून वाचू शकतो. तिला पासवर्ड लागत नाही आणि ती वाचायला विशिष्ट कंपनीचं यंत्र लागत नाही. कोटीभर चिठ्ठ्यांची कपाटं विमानाने नेता येणार नाहीत, हे खरंच. संगणकाने ती अडचण सोडवली. पण सोडवताना नोंद एका ठिकाणी, फाइल दुसऱ्या ठिकाणी आणि खूण तिसऱ्या ठिकाणी ठेवली. सॉफ्टवेअरचा कस लागतो तो या तिघींना पुन्हा एकत्र बाहेर काढताना.

आता इथली नेहमीची मांडणी बघू. ऑफिसच्या लॅपटॉपचं यूएसबी बऱ्याच कंपन्यांत बंद असतं आणि वैयक्तिक क्लाउडवर फाइल टाकायला मनाई असते. याचा कंटाळा येतो, पण त्यामागे कारण आहे. १५ ऑगस्ट २०१२ रोजी 'शमून' नावाच्या व्हायरसने सौदी अरामकोच्या सुमारे ३०,००० संगणकांवरचा मजकूर पुसून टाकला होता. तेव्हापासून इथल्या कंपन्या सावध आहेत. वाचकाने त्यातून स्वतःसाठी काढायचा धडा वेगळा आहे. ज्या यंत्रावरची माहिती एका सकाळी पुसली जाऊ शकते आणि ज्यातून ती बाहेर काढण्याची परवानगी आपल्या हातात नाही, त्या यंत्रावर आपला संग्रह ठेवू नये. तिथे वाचावं, पण संग्रहाचं मूळ घर आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर असावं.

मग अनेक जण एक साधा उपाय करतात. संग्रहाचं अख्खं फोल्डर वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये टाकतात, म्हणजे ते सगळीकडे आपोआप पोचेल. पीडीएफच्या साध्या फोल्डरसाठी हे ठीक आहे. पण एंडनोट आणि झोटेरो या दोघांच्याही बाबतीत, त्यांचा चालू डेटाबेस असा क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, असं बनवणारेच सांगतात. डेटाबेस ही सतत थोडीथोडी बदलणारी एक फाइल असते. एका यंत्रावर ती उघडी असताना दुसऱ्या यंत्राने जुनी प्रत वर चढवली, तर ती बिघडते. आणि बिघाड झाल्याचं बऱ्याचदा लगेच कळतही नाही. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच लक्षात ठेवावं. सिंक आपली चूकही तितक्याच तत्परतेने तिन्ही यंत्रांवर पोचवतं. एकीकडे पुसलं की तिन्हीकडे पुसलं.

एंडनोटपासून सुरुवात करू, कारण विद्यापीठं आणि रुग्णालयांच्या ग्रंथालयांतून बहुतेकांची पहिली गाठ त्याच्याशी पडते. तीन दशकांहून जुनं हे सॉफ्टवेअर आता क्लॅरिव्हेट कंपनीकडे आहे. निघण्याच्या कसोटीवर त्याच्या दोन गोष्टी चांगल्या आहेत. पीडीएफवर केलेल्या खुणा ते पीडीएफच्या आतच ठेवतं, त्यामुळे ती फाइल दुसऱ्या कुठल्याही वाचकात उघडली तरी पिवळा पट्टा दिसतो. आणि नोंदी व जोडलेल्या फाइली मिळून सगळा संग्रह एका दाबलेल्या फाइलमध्ये बांधता येतो. सामान बांधायची इतकी सुटसुटीत सोय इतरांकडे नाही. दोष आहे तो कुलपाचा. ती बांधलेली पेटी उघडायला पुन्हा एंडनोटच लागतं आणि बहुतेकांचं एंडनोट संस्थेच्या परवान्यावर चालतं. संस्था सुटली की परवाना सुटतो. स्वतःच्या पैशाने विकत घेतलं तर प्रश्न नाही, पण ते महाग आहे. म्हणून एंडनोट वापरणाऱ्याने पेटी तर बांधावीच, शिवाय नोंदी आरआयएससारख्या सर्वांना वाचता येणाऱ्या स्वरूपातही काढून ठेवाव्यात.

मेंडेलीची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. लंडनमध्ये काही तरुण संशोधकांनी सुरू केलेलं हे साधन २००८ मध्ये लोकांसमोर आलं आणि झपाट्याने आवडतं झालं. फुकट, देखणं, मोबाइलवरही चालणारं, शिवाय २ जीबी जागा. २०१३ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं. २०१८ मध्ये मेंडेलीने आपल्या संगणकावरचा स्थानिक डेटाबेस कूटबद्ध करायला सुरुवात केली. कंपनीने सुरक्षेचं कारण दिलं. परिणाम असा झाला की त्या डेटाबेसमधून थेट नोंदी, फाइली आणि खुणा उचलून दुसरीकडे नेण्याचा रस्ता बंद झाला. झोटेरोच्या लोकांनी पुढे ऑनलाइन खात्यातून आयात करण्याची वाट काढली, पण तोवर अनेकांचे हाल झाले. मार्च २०२१ मध्ये मेंडेलीने मोबाइलची अ‍ॅप्स बंद केली. सप्टेंबर २०२२ पासून जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर नव्याने उतरवता येईनासं झालं आणि त्याच्या जागी कमी सोयींचं नवं रूप आलं.

यात कुणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. कंपनी आपल्या हिशोबाने चालते. वाचकाच्या बाजूने पाहिलं तर मात्र निकाल स्पष्ट आहे. ज्यांनी बसमध्ये मोबाइलवर वाचण्याची सवय लावून घेतली होती, त्यांचं तिसरं यंत्र एका घोषणेने गेलं. आणि २ जीबी फुकट जागा मिळाली म्हणून जो आत शिरला, त्याला बाहेर पडताना कळलं की दाराची किल्ली आपल्याकडे नव्हती. नोंदी आजही मेंडेलीतून आरआयएस आणि बिबटेकमध्ये काढता येतात, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण वर म्हटल्याप्रमाणे, नोंद ही चारांतली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यमांच्या केंद्रात तयार झालं. इतिहासाच्या अभ्यासकांनी बनवलेलं असल्याने दस्तऐवज, पत्रं, मुलाखती, हस्तलिखितं यांच्यासाठी त्यात आधीपासून जागा आहे. ते मुक्त-स्रोत आहे आणि ना-नफा संस्थेकडे आहे. २०२२ मध्ये त्यात स्वतःचा पीडीएफ वाचक आला, त्याच वर्षी आयफोन-आयपॅडचं अ‍ॅप आलं आणि त्यानंतर उशिराने अँड्रॉइडचंही. निघण्याच्या कसोटीवर तिघांत झोटेरो पुढे आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे दार आतून उघडतं. डेटाबेस आपल्याच संगणकावर, कुलपाशिवाय असतो. इतर सॉफ्टवेअरला समजतील अशा अनेक स्वरूपांत फाइलींसकट निर्यात होते. उद्या झोटेरो बंद पडलं, तरी संग्रह आपल्या लॅपटॉपवर जसाच्या तसा राहील.

पण झोटेरोचं कौतुक करणारे त्याच्या तीन उण्या बाजू सहसा सांगत नाहीत. पहिली जागेची. फुकट मिळतात फक्त ३०० एमबी. विज्ञानाचे निबंध एक-दोन एमबीचे असतात, त्यामुळे दीडशे ते तीनशे निबंध मावतात. पण जुनं मराठी पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर ते सहज ३० एमबीचं निघतं आणि दहा पुस्तकांत जागा संपते. म्हणजे मराठीत काम करणाऱ्याला झोटेरो इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा लवकर महाग पडतं. २ जीबीला वर्षाचे २० डॉलर लागतात, म्हणजे ७५ रियाल. महिन्याचे सव्वासहा रियाल, बूफियातल्या चार-पाच चहांचे पैसे. ते देणं योग्य आहे, पण फुकट आहे असं सांगून कुणाला आत ओढू नये. आपला वेबडॅव्ह सर्व्हर असेल तर वैयक्तिक संग्रहाच्या फाइली तिथेही ठेवता येतात, पण ते सगळ्यांना जमणारं काम नाही.

दुसरी उणी बाजू मानवी डोळ्यांची. झोटेरो प्रत्येक फाइल आठ अक्षर-आकड्यांच्या निरर्थक नावाच्या फोल्डरात ठेवतं. फाइलचं नाव ते लेखक आणि वर्षावरून छान देतं, पण शेकडो फोल्डरांत एकेक फाइल असल्यामुळे झोटेरोशिवाय संग्रह चाळणं त्रासाचं आहे. यावर उपाय म्हणून काही जण फाइली स्वतःच्या फोल्डरात ठेवून झोटेरोतून नुसता दुवा देतात. मग त्या फाइली झोटेरोच्या सिंकमधून मोबाइलवर जात नाहीत. शिवाय ही सोय देणारं झोटफाइल नावाचं लोकप्रिय जोड-सॉफ्टवेअर २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत चाललंच नाही. एका उत्साही माणसाच्या मोकळ्या वेळेवर उभी असलेली सोय त्याचा वेळ संपला की संपते.

तिसरी आणि सर्वांत मोठी बाजू खुणांची. झोटेरोच्या वाचकात केलेल्या खुणा पीडीएफमध्ये जात नाहीत, डेटाबेसमध्ये राहतात. त्यामुळे सिंक वेगाने होतं आणि दोन यंत्रांवर एकाच वेळी काम केलं तरी फाइल बिघडत नाही. पण कुणी फोल्डर उघडून फक्त पीडीएफ कॉपी करून नेल्या, तर घरी पोचल्यावर त्या कोऱ्या निघतील. खुणा सोबत न्यायच्या असतील, तर निर्यात करताना फाइलींबरोबर खुणाही घ्या असा पर्याय निवडावा लागतो. पर्याय आहे, पण तो निवडायचा असतो हे आधी माहीत हवं. पीडीएफ हे स्वरूप अडोबीने १९९३ मध्ये आणलं आणि २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. खुणा फाइलच्या आत कशा लिहायच्या हे त्या मानकात आहे. म्हणून वर्षातून एकदा खुणांसकट प्रत काढून ठेवणं हाच या दोषावरचा खरा इलाज.

चौथी गोष्ट, म्हणजे वर्डमधले जिवंत संदर्भ, तिन्ही साधनांत सारखीच नाजूक आहे. एका सॉफ्टवेअरने बसवलेला संदर्भ दुसऱ्याला सहसा ओळखू येत नाही. अर्धा प्रबंध ऑफिसच्या एंडनोटने लिहून उरलेला घरी झोटेरोने लिहिला, तर सूचीचे दोन तुकडे होतात आणि शेवटी हाताने जुळवावे लागतात. म्हणून लेखनाला हात घालण्यापूर्वीच साधन ठरवावं आणि ते असं निवडावं, जे इकामा संपल्यावरही चालेल.

इथवर सांगितलेलं कुठल्याही भाषेतल्या वाचकाला लागू आहे. मराठीत काम करणाऱ्याच्या अडचणी यापुढे सुरू होतात आणि त्यांवर तिन्ही साधनं कच्ची आहेत.

शोधगंगेचंच घ्या. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध एका जागी ठेवणारं हे भांडार परदेशातल्या मराठी अभ्यासकाला मोठा आधार आहे. पण तिथे प्रबंध एका फाइलमध्ये नसतो. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं. आणि प्रत्येक प्रबंधातल्या फाइलींची नावं तीच, ०१ टायटल, ०२ सर्टिफिकेट अशी. दोन प्रबंध एकाच फोल्डरात उतरवले की कुठलं प्रकरण कुणाचं ते उघडल्याशिवाय कळत नाही. त्यातून जुना मराठी प्रबंध असेल तर तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना देवनागरी दिसतं, पण वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा पडतो. अशा फाइलमध्ये शोध चालत नाही. पानांचे नुसते फोटो असतील, तर अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर चालवल्याशिवाय आत शब्दच नसतात. म्हणजे ज्या एका सोयीसाठी पीडीएफ जमवायच्या, ती शोधाची सोय मराठीत अर्ध्या वेळा मिळत नाही. त्यामुळे मराठी पीडीएफसाठी नोंदीत स्वतःच्या शब्दांत चार ओळींचा सारांश देवनागरीत लिहून ठेवणं ही चैन नाही, गरज आहे. ते संग्रहात शोधता येतं आणि नोंदीबरोबर बाहेरही जातं.

मग लेखकांची नावं. परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतून नोंद ओढली की वि. का. राजवाडे रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबं घेऊन येतात. तुम्ही हाताने नोंद केलीत तर ते 'राजवाडे, वि. का.' होतात आणि तिसऱ्या पुस्तकात 'राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ'. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे तीन वेगवेगळे गृहस्थ आहेत. कुसुमाग्रज किंवा ग्रेस यांना आडनावच नाही. झोटेरोत नाव एकाच रकान्यात लिहिण्याची सोय आहे, ती अशा वेळी वापरावी. अक्षरक्रमाचाही घोळ होतो. मराठी कोशात ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणक निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावू लागला तर ळ हा ल-पाशी जातो आणि क्षीरसागर क-च्या घरात जाऊन बसतात.

वर्षाची अडचण तर सौदीत बसून जास्तच जाणवते. जुन्या मराठी पुस्तकावर शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या शेवटी एकाचा फरक पडतो इतकंच. इथल्या अरबी प्रबंधांवर आणि सरकारी अहवालांवर हिजरी वर्ष असतं आणि तिथे ठरलेला आकडा मिळवून भागत नाही, कारण चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. हिजरी १४०० म्हणजे १९७९-८०, तर १४४५ म्हणजे २०२३-२४. फरक ५७९ वरून ५७८ वर आलेला दिसेल. सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या रकान्यात १४४५ लिहिलं तर तो अहवाल ज्ञानेश्वरांनंतरच्या दीडशे वर्षांतला होऊन बसतो. रकान्यात इसवी सन आणि जादा माहितीच्या जागी मूळ शके किंवा हिजरी वर्ष, असा एक नियम पहिल्या दिवशी करावा आणि मोडू नये.

आता मूळ फाइली कुठून येतात, त्या दाराकडे वळू. इथल्या विद्यापीठांत असलेल्यांना सौदी डिजिटल लायब्ररीतून प्रचंड साहित्य मिळतं. भारतातल्या सरकारी विद्यापीठात नाव नोंदवलेल्यांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. दोन्ही दारं उत्तम आहेत, आणि दोन्ही दारं ओळखपत्रावर उघडतात. नोकरी संपली की एक बंद होतं, पदवी मिळाली की दुसरं. यावर शेवटच्या आठवड्यात हजार निबंध घाऊक उतरवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रकाशकांच्या अटींत घाऊक उतरवणं बसत नाही, आणि तसं दिसलं तर प्रकाशक अख्ख्या संस्थेचा प्रवेश थांबवू शकतात. वाचाल तसं जमवत जाणं हाच सरळ मार्ग आहे. प्रत्येक नोंदीत डीओआय असेल, तर पुढे मुक्त भांडारांमधली प्रत शोधता येते. कौस्टने २०१४ मध्ये मुक्त प्रवेशाचं धोरण स्वीकारलं आणि तिथल्या संशोधकांचे निबंध त्यांच्या भांडारात ठेवले जातात. ते वाचायला इकामा लागत नाही.

इथे एक रेघ मात्र ठळक ओढायला हवी. कंपनीचे अंतर्गत अहवाल, रुग्णांची माहिती, कारखान्याचे आराखडे हे आपल्या संग्रहाचा भाग नाहीत, मग ते आपणच लिहिलेले का असेनात. ते वैयक्तिक संग्रहात मिसळले की निघताना अख्खा संग्रह संशयास्पद होतो. दोन संग्रह पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले, तर निघताना काही लपवावंही लागत नाही आणि काही सोडावंही लागत नाही.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? फोल्डर करावं, 'वर्ष_आडनाव_विषय' असं फाइलचं नाव द्यावं, झालं. हा आक्षेप हलका नाही. शंभर निबंधांच्या आत हीच पद्धत सर्वांत टिकाऊ आहे, डेक्कन कॉलेजच्या चिठ्ठीच्या सर्वांत जवळची आहे. पाचशेच्या पुढे आणि प्रबंधाची सूची दोनदा बदलायची वेळ आली की ती थकते. दुसरे म्हणतील, आता विचारलं की संगणक निबंध शोधून देतो, जमवायचं कशाला? निबंध देईलही. पण तो निबंध वाचताना आपण कुठे थांबलो होतो, हे त्याला कुठून ठाऊक?

तर निकाल असा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने झोटेरो घ्यावं, जागेचे पैसे द्यावेत आणि त्याच्या खुणा डेटाबेसमध्ये असतात हे विसरू नये. एंडनोटवर रुळलेल्याने तिथेच राहायला हरकत नाही, पण परवाना स्वतःचा असावा. मेंडेलीवर असलेल्याने आजच्या आज नोंदींची एक प्रत बाहेर काढावी आणि सवडीने मुक्काम हलवावा.

कुठलंही साधन असो, खातं कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर ते स्वतःच्या ईमेलवर न्यावं. सौदी नंबरवर येणाऱ्या ओटीपीचाही विचार करावा. इथलं सिमकार्ड इकाम्यावर आणि बोटांच्या ठशांवर नोंदलेलं असतं. ते बंद झालं की नाशिकला बसून खातं उघडताना कोड जेद्दाच्या बंद नंबरवर जाईल. आणि वर्षातून एकदा, ईदच्या सुट्टीतली एक दुपार काढून रंगीत तालीम करावी. खुणांसकट सगळी निर्यात एका हार्ड डिस्कवर घ्यावी, नोंदी आरआयएसमध्ये वेगळ्या काढाव्यात, मग ती डिस्क घरातल्या दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपला लावून कुठलंही लॉगिन न करता दहा फाइली उघडून पाहाव्यात. पिवळे पट्टे दिसले, शेरे वाचता आले, तर संग्रह आपला आहे. न दिसले, तर ते कळायला अजून वेळ आहे.